मेंढरांच्या माना

आमच्या शाळेच्या भिंतीवर शेजारच्या वाडीचा एक ऊसतोड्या चित्र काढत होता. नाव मी विचारलं नाही. भर दुपारचा कळप, पण सगळ्या मेंढरांच्या माना वर! मी जन्मभर मेंढरं राखली, गप्प कसा बसणार?

"उन्हात मेंढरू दुसऱ्याच्या पोटाखाली डोकं घालतं बे!"

त्यानं कुंचला कानावर खोचला, थोडं बघितलं आन् साऱ्या माना चुन्यानं पुसल्या. तेवढ्यात कारखान्याला निघालेला मुकादमाचा ट्रॅक्टर आला.

"चल बे, न्हाईतर सोडून जातो!"

"जरा थांबा. मी सहा महिने न्हाई, पर भिंत हितंच हाय. लेकरं चुकीचं बघत्याल."

मुकादमानं गिअर टाकला. मी ट्रॅक्टरच्या आडवा उभा राहिलो. शेवटचं डोकं पोटाखाली गेल्यावरच हललो.