प्रबंध देवघरातच राह्यला

दिवा पुसाले देवघरात गेली अन् पाह्यलं, तं लाल फडक्यात बांधलेला प्रबंध तिथंच. वर हळदकुंकू, फूल, सगळं जसंच्या तसं. माही ननंद नागपूरच्या मोटारीसाठी केव्हाचीच निघून गेली होती.

झालं असं का, निघताना आत्याबाईनं, म्हनजे माह्या सासूनं, प्रबंध देवापुढं ठेवला, लेकीच्या हातावर दही दिलं. दही चाटलं का मांगं पाहाचं नाही, मांगून कोनं हाक माराची नाही. ते तशीच निघाली. संगं माहे मालक, हातात पिशवी. पिशवीत कपडे अन् डबा. प्रबंध देवाजवळ.

शहरातल्या बाया रोज सायकलवर कुठं जातात, त्याईले कोन काय म्हनते, असं घरोघरी जाऊन इचारून तिनं लिहेल होतं. मी पाचवी शिकेल, मले त्यातलं अर्धंच समजे. पन एवढं समजे का उद्या तो कालेजात द्याचा शेवटचा दिवस हाय. अन् मामाजीनं, माह्या सासऱ्यानं, सांगून ठेवलं होतं, यंदा शिक्षन आटपलं नाही तं सरळ लग्न.

"आत्याबाई, प्रबंध राह्यला."

आत्याबाई माह्या लेकराले मांडीवर घेऊन बसली होती. मंग म्हने, "पाहून काय राह्यली? सायकल काढ."

"मले कुठं येते?"

"मंग जिनिंगच्या कारखान्यामांगं तुमी दोघी सायकल घेऊन रोज कापूस वेचाले जात होत्या का? जाय."

ननंदेची सायकल काढली. प्रबंध कॅरिअरले दाबला, निऱ्या वर खोचल्या, नाही तं चेनीत जातात. निघाली. लेकराचं रडनं गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू येत होतं.

स्टँडचा रस्ता पारावरून. पारावर सकाळी मामाजी अन् चार म्हातारे बसत. तिथून जाताना सुनेनं चपला हातात घ्याच्या, पदर नाकापर्यंत वढाचा, खाली पाहून चालाचं. लग्न होऊन आली तशी मी तशीच जात होती. त्या म्हाताऱ्याईनं माहं तोंड कधी पाह्यलंच नव्हतं.

पार दिसला अन् तिकडून मोटारीचा भोंगा वाजला. उतरून चालत गेली असती तं मोटार गेली असती. पदर केव्हाच घसरला होता. हात सोडला तं पडन, म्हनून सावरता येईना.

मी उतरली नाही.

"कोनाची व्हय बे ते?" एक म्हातारा म्हने.

"दवाखान्यातली नर्स असन. त्याईले कोनाची लाज?"

"पन तुमच्याच गल्लीतून आली ना, भाऊ?"

मामाजीची अन् माही नजर एक झाली. त्याईनं मले ओळखलं.

"मले नाही माहीत," मामाजी म्हनले. "आमच्यातली नाही."

मी तशीच पायडल मारत राह्यली.

स्टँडवर मोटार निघाच्या बेतात होती. ननंद खिडकीशी, पिशवी उलटीपालटी करत रडून राह्यली होती. मी प्रबंध खिडकीतून आत ढकलला. तिच्या हाताले कुंकू लागलं.

"वहिनी, तू सायकलवर? बाबा होते पारावर?"

"हाव."

"काही म्हनले का?"

तेवढ्यात मोटार निघाली. बाजूले बसेल मालकानं डोक्याले हात लावून खूण केली, तेव्हा मी पदर घेतला.

मोटार गेली अन् पोलकं दुधानं वलं झालेलं समजलं. घरी लेकरू भुकेलं असन. अन् घराले दुसरा रस्ता नाही, पारावरूनच जा लागते.

पदर घेऊन, चपला हातात धरून, सायकल ढकलत गेली तं सगळ्याईले समजन का ते बाई याच घरची सून. मामाजी चारचौघात खोटे पडतीन. अन् पहिल्यासारखीच उघड्या डोक्यानं सायकलवर गेली तं त्याईचा शब्द राहीन, पन त्याईच्या डोळ्यापुढून मले दुसऱ्यांदा तशीच जा लागन.

मी हँडल धरून स्टँडवर उभी. बायाहो, तुमी असत्या तं कशा गेल्या असत्या?