न चाललेला डोंगल आणि बुडालेली परीक्षा

मंडळी, आज दुपारी माझ्या सुनेची नोकरीची ऑनलाइन परीक्षा बुडाली. ती मोबाइलवर देता येत नव्हती.

म्हणून सकाळीच राजापेठेतल्या दुकानातून कॉम्प्युटरला नेट जोडायला वायफायचा डोंगल आणला. "आमच्या कॉम्प्युटरमध्ये जुनं विंडोज आहे, चालेल का?" मी विचारलं. दुकानदार माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणाला, "काका, काकूले सांगा, सगळं चालते." हेही हसले.

घरी कॉम्प्युटरने डोंगल ओळखलाच नाही. मी दुकानात फोन लावला.

"काकू, काकाले द्या बरं फोन."

ह्यांनी माझं सकाळचंच वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

"मग आधी सांगाले पाहिजे होतं न, काका! जुन्या विंडोजवर हा चालतच नाही."

तोवर परीक्षेची वेळ टळली. सून कणीक भिजवायला गेली.

तुमच्याकडेही बाईचं म्हणणं पुरुषाच्या तोंडूनच ऐकू येतं का?