डावखुरा देव

शहाद्यात तंबूचा सिनेमा आला की आमच्या जिनिंगमध्ये कापूस आणणारा एक गाडीवान एकही खेळ चुकवत नसे. स्वस्तात पडतं म्हणून पडद्याच्या मागच्या बाजूला, जमिनीवर बसायचा. तिथून चित्रातलं डावं-उजवं उलटं दिसतं, हे त्याच्या गावीही नव्हतं. सकाळी बैल सोडता सोडता मला निकाल ऐकवायचा, "भाऊ, शिनेमा झकास शे. पन राजा डावखोरा शे." चोर, सासू, फौजदार, सगळेच डावखुरे. त्याचं त्याला काही वाटत नसे. पण देवाच्या खेळात खुद्द देवानं भक्ताला डाव्या हातानं प्रसाद दिला, तेव्हा मात्र तो पडद्यामागून ओरडला, "देवबा, उजवा हात वापर ना!"

सगळा तंबू हसला. दुसऱ्या दिवशी निकाल न ऐकवताच त्यानं बैल सोडले.

गंमत उलगडून दाखवावी म्हणून त्याच खेळाला मी त्याला पडद्यापुढच्या बाकावर घेऊन बसलो. प्रसादाचा प्रसंग आला. देवानं उजवा हात पुढे केला. मी समजावायला तोंड उघडणार, तोच त्यानं माझं मनगट गच्च धरलं.

"भाऊ," तो कुजबुजला, "त्यानी मन्हं आयकं."

मी पायातल्या वहाणा काढून बाकाखाली सारल्या.