मारामारी सांगणारी आक्का

पेती राफ्रेच्या शाळेत मी पाचवीच्या मुलांना मराठी शिकवते. त्या दिवशी फळ्यावर ‘येणे’ या क्रियापदाची रूपं लिहीत होते. मुख्याध्यापकांनी दारातूनच खूण केली, आणि त्यांचा चेहरा पाहून मी खडू हातातच ठेवून कचेरीत गेले. फोनवर माझा धाकटा भाऊ होता. “आक्का गेली,” एवढंच म्हणाला. मी आमच्या बेटाच्या उत्तरेच्या टोकाला, ती दक्षिणेच्या. तीन बस बदलून सूयाकला पोचेपर्यंत उन्हं कलली होती. अंगणात माणसं मावत नव्हती. बसचा ड्रायव्हर होता, पोलीसखात्यातली एक बाई होती, मासळी विकणारा रामू होता. सगळे तिशीच्या आतबाहेरचे, सगळे तिच्या शनिवारच्या वर्गातले. रामू माझ्याजवळ आला आणि क्रेओलमध्ये, बेटावरच्या रोजच्या बोलीत, काहीतरी बोलायला लागला, मधेच थांबला, आणि अडखळत का होईना, मराठीत म्हणाला, “मिसच्या दारात क्रेओल नको.”

आज महिना उलटून गेला. पार्वतीआक्का माझ्या थोरल्या काकांची एकुलती एक मुलगी. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. सूयाकच्या एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होती, लग्न केलं नाही, आणि देवळाशेजारच्या पत्र्याच्या खोलीत दर शनिवारी दुपारी मराठीचा वर्ग घ्यायची. एवढ्या तीन वाक्यांत तिची ओळख संपते असं कुणालाही वाटेल. पण तिचं मराठी कुठून आलं, ते सांगितल्याशिवाय तिची खरी ओळख होत नाही. आणि ते आलं होतं मारामारीच्या सिनेमांतून.

काका साखरकारखान्यात कामाला होते. आक्का अठरा-एकोणीस वर्षांची असताना चुन्याचं उकळतं पाणी त्यांच्या तोंडावर उडालं आणि दोन्ही डोळे गेले. काकी आधीच वारलेल्या. काका धिप्पाड, हसरे, आणि सिनेमाचे वेडे. तेही फक्त मारामारीच्या. आम्ही त्याला फिल्म लागेर म्हणतो. डोळे गेल्यावर सहा महिने ते पडवीत भिंतीकडे तोंड करून बसून राहिले. जेवायला वाढलं तर जेवायचे, नाहीतर नाही. एका रविवारी दुपारी आक्कानं त्यांना अंघोळ घातली, इस्त्रीचा सदरा चढवला आणि हाताला धरून गावातल्या सिनेमागृहात नेलं. आंधळ्याला सिनेमाला नेते म्हणून बायका तोंडाला पदर लावून हसल्या, हे माझ्या आईनं मला पुढे सांगितलं. हसणाऱ्यांत आपणही होतो, हेसुद्धा तिनं लपवलं नाही.

सिनेमा फ्रेंच बोलत असो की हिंदी, काकांना बोलणं कळायचं. क्रेओल बोलणाऱ्याला फ्रेंच अर्धं समजतंच, आणि हिंदीची सवय भोजपुरी शेजाऱ्यांनी लावलेली. घोडं अडायचं ते मारामारीत. तिथं कुणी बोलत नाही. नुसता धाडधाड आवाज आणि काका अंधारात तिचं मनगट दाबून विचारायचे, “धप्प झाला ता कोण पडला? आपला की त्यांचा? हाय की मेला?” मग आक्का त्यांच्या कानाशी लागून सांगायची. काका मराठीतच विचार करायचे, म्हणून सांगणंही मराठीत. आणि पडद्यावर तर हात असा फिरतो की ‘मारलं’ म्हणेपर्यंत पुढची तीन माणसं आडवी झालेली असतात! तिला शब्द पुरेनात. पणजोबा कोकणातून या बेटावर ऊस तोडायला आले, पण तोवर घरातलं आमचं मराठी म्हणजे भात वाढ, दार लाव, देवाला फूल घाल एवढंच उरलं होतं. तेव्हा ती गावातल्या म्हाताऱ्यांकडे जायला लागली. ऊस तोडणाऱ्या तुळसाआजीला विचारायची, “आजी, बैल डोकं खाली घालून अंगावर येतो, त्याला काय म्हणता?” आजी म्हणायची, “मुसंडी मारली म्हनायचा.” कुणाकडून तिला हिसडा मिळाला, कुणाकडून गचांडी, कुणाकडून बकोट. पुढच्या रविवारी तो शब्द काकांच्या कानात पडायचा. सुरुवातीला लोक पुढच्या रांगेतून शुक् शुक् करायचे. वर्षभरानं तेच लोक तिच्या आजूबाजूची जागा धरायला लवकर यायला लागले.

मी पुण्याला शिकायला गेले, तेव्हा आमच्या प्राध्यापकांनी माझा पहिला निबंध वाचून विचारलं होतं, “तुमच्याकडे नामं फ्रेंच आणि क्रियापदं थेट कोकणातली, हे कसं?” मी त्यांना आक्काबद्दल सांगितलं. ते हसले नाहीत. “त्यांना एकदा भेटायला हवं,” म्हणाले. ते राहूनच गेलं.

आता वर्ग बंद पडायला आला होता त्या वर्षाबद्दल सांगते. सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरचं असावं. मी तेरा वर्षांची होते. शनिवारच्या वर्गात आम्ही पाच जण उरलो होतो, तेही आयांनी ढकललेले. विठोबाकाका देवळाच्या समितीचे अध्यक्ष, निवृत्त मास्तर, पांढरीशुभ्र पँट आणि हातात छत्री. ते येऊन स्पष्टच बोलले. “पार्वती, पाच पोरांसाठी खोली अडवून ठेवता येणार नाही. वर्ष संपेपर्यंत बघू. नाहीतर वर्ग बंद, आणि खोली भजनाला.” पुढच्या शनिवारी आक्कानं आमची पुस्तकं मिटायला लावली आणि विचारलं, “या आठवड्यात सिनेमाला कोण गेलं होतं?” चौघांचे हात वर. “काय झालं त्यात? मराठीत सांगा. क्रेओलचा एक शब्द आला की खाली बसायचं.” चौघंही पहिल्या वाक्यालाच खाली बसले. पण पोरांना चीड आली, आणि तिला तेच हवं होतं. तिनं जाहीर केलं: वर्षअखेरीला आपण या वर्षातला मारामारीचा सर्वांत चांगला सिनेमा निवडणार. प्रत्येकानं आपल्या आवडत्या सिनेमातली एक मारामारी सांगायची. परीक्षक एकच, काका. त्यांना जो सिनेमा दिसेल, तो पहिला.

ही बातमी दोन दिवसांत गावभर झाली. पाचाचे अकरा झालो, मग सतरा. कोळीवाड्यातून रामू आला, त्याला तर घरी मराठीचा वाराही नव्हता. पोरं आज्यांच्या मागे लागली. ज्या म्हाताऱ्यांना वर्षानुवर्षं कुणी काही विचारलं नव्हतं, त्यांच्या ओसरीवर गर्दी. सिनेमांना आम्ही आमचीच नावं ठेवली होती: लॉरीवाला, बर्फातला, शिडीवाला, दोन भावांचा, आणि चिनी आचारी पळीनं सगळ्यांना लोळवतो तो पळीवाला. वाद व्हायचे, अगदी तोंड सुजेपर्यंत, पण आक्काच्या खोलीत वाद मराठीत. “तुझ्या बर्फवाल्यानं नुसती धावाधाव केली, मारलं कुठं?” असं वाक्य रामूच्या तोंडून अख्खं बाहेर पडलं, त्या दिवशी आक्का फळ्याकडे वळून उगीचच खडू शोधत राहिली.

विठोबाकाका संतापले. देवळाच्या आवारात गुंडगिरीच्या गोष्टी! ते त्या शेवटच्या शनिवारी वर्ग बंद करायच्याच इराद्यानं आले आणि मागच्या बाकावर छत्री मांडीवर आडवी ठेवून बसले. समोर खुर्चीत काका, काळा चष्मा, हात गुडघ्यांवर. पहिला राजेश उठला. त्याचा लॉरीवाला. “मग त्या लठ्ठ माणसानं त्याचा हात पकडला. मग त्यानं हात सोडला…”

“सोडला?” मागून आवाज आला. “धरलेला हात असा सोडतात होय? हिसडा मारून सोडवला म्हण! सगळी बाही फाटली त्याची!”

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. विठोबाकाकांच्या ध्यानात आलं तेव्हा उशीर झाला होता. काकांनी चष्मा त्या दिशेला वळवला आणि गोड आवाजात विचारलं, “विठू, तू बगितलास वाटता?”

“मी? मला… पुतण्या सांगत होता.”

“बाही फाटली ता पन सांगितला पुतन्यान?”

आक्का हसली नाही. तिनं फक्त मान खाली घातली आणि म्हणाली, “राजेश, अध्यक्ष बरोबर सांगतात. हिसडा. पुढं सांग.” इतक्या मोठ्या माणसाला तिनं त्या एका वाक्यात सांभाळून घेतलं. त्यानंतर विठोबाकाकांनी अजून दोनदा पोरांना शब्द पुरवले. वर्ग बंद करायचा विषय त्या दिवशी निघाला नाही, पुढेही कधी निघाला नाही.

माझी पाळी चौथी. माझा शिडीवाला. मी आठवडाभर पाठ केलं होतं. नायक शिडीवर, खाली आग, वरून खलनायक लोखंडी कांब घेऊन उतरतोय. कांब फिरली, नायकानं ती चुकवली… आणि शब्दच गेला. डोक्यात फक्त क्रेओल. “त्यानं… त्यानं एस्किव्ह…” पोरं खिदळली. मी आक्काकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. त्या क्षणी तिचा इतका राग आला मला! आणि काका पुढं झुकून विचारत होते, “मग? लागली कांब? हाय की मेला?” त्यांचे हात गुडघ्यांवरून उचलले गेले होते. तो माणूस खरंच अडकला होता त्या शिडीवर, माझ्यामुळे. माझ्या तोंडून निघून गेलं, “काका, बैल कसा जुवातून मान काढून घेतो… तशी त्यानं मान काढून घेतली. कांब शिडीवर आपटली.”

काका मागे टेकले. “दिसला,” म्हणाले.

आक्का तेव्हा वळली. “त्याला झुकांडी देणं म्हणतात,” ती म्हणाली. “पण बैलच राहू दे.” पहिला नंबर लॉरीवाल्याला गेला, माझा दुसरा. घरी येऊन मी रडले, ते दुसऱ्या नंबरासाठी असं आईला वाटलं. मी त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या भाषेत कुणाला तरी काही दाखवलं होतं, हे मलाही फार पुढे कळलं. आज मी जे काम करते, त्याची सुरुवात त्या खुर्चीसमोर झाली.

काका चौऱ्याऐंशीच्या सुमारास गेले. त्यानंतर आक्का सिनेमागृहाकडे फिरकली नाही. वर्ग मात्र शेवटच्या दुखण्यापर्यंत चालू होता. आता तो रामू बघतो, बाजार आटोपून, हात दोनदा साबणानं धुऊन.

तीन महिन्यांपूर्वी, ती बरी होती असं आम्हांला वाटत होतं तेव्हा, मी सूयाकला गेले होते. पडवीत आम्ही दोघी भाजी निवडत होतो. मी सहज विचारलं, “आक्का, सगळ्यांत तुला आवडलेली मारामारी कुठली?” ती देठ मोडत राहिली. मग म्हणाली, “सुमी, मला मारामारी आवडत नाय ग. कधीच नाय आवडली. रगत बगवत नाय मला.”

सोळा-सतरा वर्षं, जवळजवळ दर रविवारी! “मग तुला काय आवडायचं?”

“रडायचे सिनेमे,” ती लाजून म्हणाली. “बाबांना ते सोसायचे नाय. मग राहूनच गेले.”

मी तिला हात धुवायला लावले, तिची निळी साडी काढून दिली, आणि आम्ही बसनं क्युरपिपला दुपारच्या खेळाला गेलो. आईची आणि हरवलेल्या मुलीची ताटातूट, शेवटी भेट, सगळं होतं त्यात. आजूबाजूच्या बायका हुंदके देत होत्या. आक्का तीन तास ताठ बसून होती, ओठ मिटून. बाहेर उजेडात आल्यावर मी विचारलं, “आवडला?”

तिनं पदरानं डोळे पुसले, थोडा विचार केला.

“बरा होता,” ती म्हणाली. “पन सांगायसारखा काय नव्हता त्यात.”