हळद पिवळी राहीपर्यंत

आमच्या घरामागच्या आवारात पोहायचा हौद होता असं सांगितलं की लोक मला वरपासून खालपर्यंत न्याहाळतात. साठ सालच्या आगेमागे, राळेगावात, कापूस पिकवणाऱ्याच्या घरी पोहायचा हौद? होता. गुरांच्या कोठ्याला लागून, सिमेंटचा, माझ्या छातीइतका खोल. त्यात कुणी कधी पोहलं नाही, हेही आत्ताच सांगून टाकते. उगाच आशा लावून बसू नका.

तो माझ्या धाकट्या बहिणीसाठी बांधला होता. एका पावसाळ्यात तिला ताप भरला आणि उतरला तेव्हा दोन्ही पाय लुळे पडलेले. आमच्याकडे त्याला लकवाच म्हणत. सगळं घर डोक्यावर घेणारी चार वर्षांची पोर. आता भिंतीला टेकवून ठेवली की तिथेच बसून राहायची. बाबांनी तिला नागपूरला नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, पाण्यात अंगाचा भार हलका होतो. जमिनीवर न हलणारे पाय पाण्यात हलू शकतात. हिला रोज पाण्यात उभी धरा. पाय जरासा जरी हलला, तर लगेच घेऊन या, पुढचा इलाज करता येईल. वर्षभरात काही दिसलं नाही, तर मात्र आशा धरू नका.

आमच्या जवळचा नाला हिवाळ्यातच आटायचा आणि विहीर खोल. म्हणून हौद. बाबांनी नागपुरात कुठल्याशा बंगल्याच्या कुंपणातून तसा हौद पाहिला होता, आतून पांढराशुभ्र. आमच्याकडे काही चांगलं दिसायला हवं असलं की चुना फासतात. घराला, ओट्याला, झाडांच्या बुंध्यांनासुद्धा. बाबांनी हौदाला आतून चुना फासला, एकावर एक हात देत, हौसेने. सिमेंटही अजून नवंकोरं होतं. पाडव्याच्या सकाळी इंजिन लावून विहिरीचं पाणी भरलं, विहिरीत टाकतात ती ब्लिचिंग पावडर मूठभर टाकली, तुरटी फिरवली. पाणी असं निवळलं की तळ दिसायला लागला. बाबांना इतकं खुश मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतर तर नाहीच.

नव्या पाण्यात तसंच कसं उतरणार? मायने काठावर नारळ फोडला, हळद-कुंकू वाहिलं. मग धाकटीला मांडीवर घेऊन तिच्या पायांना हळद चोळली, नवरीला लावावी तशी, घोट्यापासून मांडीपर्यंत. गल्लीतल्या बायका जमल्या होत्या आणि सगळ्यांच्या पुढे आमची आत्या. मी कोरडं लुगडं घेऊन उभी. बाबा धाकटीला घेऊन पाण्यात उतरले आणि तिला बगलांत हात घालून उभी केली. पोर हसली.

आणि पाणी लाल झालं. तिच्या पायांवरून लाल धारा निघाल्या आणि पाण्यात पसरत गेल्या.

"अवं माय वं!" आत्या ओरडली. "पोरीच्या पायातून रक्त वाहून राह्यलं!"

मग काय, सगळ्याच ओरडल्या. धाकटीने किंकाळी फोडली. माय लुगड्यानिशी पाण्यात शिरली आणि बाबांच्या हातून पोर हिसकावून बाहेर आली. माझ्या हातचं कोरडं लुगडं पाण्यात पडलं.

"अवं, चुन्याचं पानी हाय हे!" बाबा कमरेभर पाण्यातून सांगत होते. "हयदीत चुना पडला का लाल होते. तुमी कुंकू कसं करता?"

त्यांनी तळहातावर हळद घेऊन चुन्याचं बोट फिरवलं आणि एकेकीला दाखवलं. घरोघरी हळदीचंच कुंकू करणाऱ्या बायका त्या, त्यांना काय कळत नव्हतं? सगळ्या हो म्हणाल्या. आत्याही हो म्हणाली, आणि वर म्हणाली, "तुयं खरं हाय भाऊ. पन पान्यानं नाही म्हटलं." आत्या जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी हे आठवलं की माझं डोकं फिरतं.

माय मात्र रडत खरं बोलली. "मले समजते जी. माह्या जिवाले नाही समजत. हयद पिवयी राहील त्या दिवशी टाका पोरीले पान्यात."

बाबांनी ते वचनासारखं धरलं. हौद उपसला, नारळाच्या काथ्याने चुना खरवडला, हातांची सालटी निघाली. पुन्हा भरला. सकाळी मायने दिलेली चिमूटभर हळद वाटीत घेऊन जायचे, हौदाच्या पाण्यात भिजवायचे आणि उजेडाकडे धरून बघत उभे राहायचे. लाल. कुणीतरी सांगितलं आंबट घाला. मग चिंचेचा कोळ, लिंबं. चिंचेने पाणी गढूळ झालं, वास मारायला लागलं, त्यावर डास. वास घालवायला ब्लिचिंग टाकलं की वाटीतली हळद पुन्हा लालसर. पुन्हा उपसा. वैशाखात विहिरीनेही तळ दाखवला, बैलांना पाणी पुरेना आणि शेजारी तोंडावर वेडा म्हणायला लागले. मलाही तेव्हा बाबांची लाज वाटायची. वाटीतला रंग आम्हाला विचारावा लागत नसे. बाबा परसदारातून आत यायचे तेव्हा तोंडावरच दिसायचा.

ज्येष्ठात एका सकाळी बाबांनी वाटी मायच्या हातात दिली. हळद पिवळी होती. मायने शब्द पाळला. पोरीला उचललं, मागच्या दारापर्यंत आणलं, आणि पोरीने चौकट धरली.

"मले रक्तात नोका टाकू!"

किती समजावलं. खाऊ दिला, मी स्वतः पाण्यात उतरून दाखवलं. एकदा बाबांनी जबरीने नेलं तर काठावरच तिचे डोळे फिरले, दातखीळ बसली. माय म्हणाली, बस झालं आता. वर्ष उलटल्यावर नागपूरच्या डॉक्टरांनी पाय उचलून पाहिले, खाली ठेवले आणि पुढच्या रोग्याला आत बोलावलं. हौदात बाबा गुरांसाठी सरकी भिजवायला लागले.

पुढे माझं लग्न झालं. एका दिवाळीला माहेरी आले होते. आम्ही दोघी मागच्या दारात बसलो होतो, समोर तो हौद, आणि मी सवयीने आत्याला शिव्या घालत होते.

"ताई," धाकटी मधेच म्हणाली, "त्या दिवशी पान्यात माहा पाय हालला होता."

"कोनता?" मी विचारलं.

"उजवा. बाबाले सांगनारच होती, तितक्यात समद्या वरडल्या."

"मंग सांगितलं काहून नाही वं?"

"मले वाटलं, म्या पाय हालवला म्हनूनच रक्त निंगालं."

बाबा तेव्हा हौदातून सरकी काढत होते, आमच्याकडे पाठ करून. आम्ही दोघींनी त्यांना हे कधीच सांगितलं नाही.