राणी अजून विहिरीतच

आमच्या वाचनालयातला पंखा सहसा बंदच असायचा. त्याच्या पात्यांवर देणगीदाराच्या वडिलांचं नाव लाल रंगात रंगवलं होतं आणि पंखा फिरला की ते दिसत नसे. घड्याळाच्या काचेवर 'सप्रेम भेट', बाकाच्या पाठीवर 'स्मरणार्थ', माठाच्या झाकणावरसुद्धा कुणाचं तरी नाव. मला याचा संताप यायचा. खोलीच्या पायात मुरूम भरला तो बायकांनी, खुरपणीचा रोजगार बुडवून, डोक्यावर पाट्या वाहून. त्यांचं नाव कुठं रंगवणार? मुरमावर?

आमचं गाव भवानीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. नव्वदनंतरची ती वर्षं. साक्षरतेच्या मोहिमेत मला पत्रकं लिहायची सवय लागली, ती काही सुटली नाही. कॉलेज संपल्यावर बारामतीच्या एका छापखान्यात मी कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायला लागले. दिवसा लग्नपत्रिका, फावल्या वेळात पत्रकं. गावात मला 'पत्रकबाई' म्हणत. म्हणेनात का!

वाचनालयात कॉमिक्स आणली मीच, बारामतीच्या रद्दीच्या दुकानातून, किलोवर घेऊन. समितीनं नाकं मुरडली. पण रोज येऊन वाचणारं माणूस गावात कोण होतं? माझी आत्या. तिच्या लहानपणी घरात मेंढरं होती, शाळा नव्हती. अक्षरं ती शिकली ती साक्षरतेच्या वर्गात, केस पांढरे व्हायला लागल्यावर. जाड पुस्तक ती उचलून पाही आणि परत ठेवी. कॉमिक्स मात्र बोट ठेवून, मोठ्यानं वाची. राक्षसाला घोगरा आवाज, राजाला आमच्या सरपंचाचा. रानातून आलेल्या बायका भोवती बसायच्या आणि हसून हसून एकमेकींवर पडायच्या. जगात याहून चांगलं वाचनालय असेल तर मी पाहिलेलं नाही.

मग कॉम्प्युटर आला. समितीचे अध्यक्ष तात्या, आमच्याच भावकीतले. त्यांचा पुतण्या पुण्यात इंजिनिअर. त्याच्या कंपनीनं जुनी यंत्रं काढली, त्यातलं एक त्यानं गावाला दिलं. एका पोराबरोबर पाठवलं, त्या पोरानं जोडलं, खोक्यावरचा हिरवा दिवा लागतो एवढं दाखवलं आणि तो संध्याकाळच्या एसटीनं परत गेला. तात्यांनी हार घातला, नारळ फोडला, वर त्यांच्या मुलीनं विणलेलं कव्हर घातलं. आणि वाचनालयाच्या त्या एकुलत्या एक खोलीला कुलूप लावलं.

"धूळ चालत न्हाय त्याला," तात्या म्हणाले. "शिकवणारा मास्तर मिळाला की उघडू."

मास्तर काही मिळेना.

त्या दिवशी गडबडीत आत्याचं कॉमिक टेबलावर उघडंच राहिलं होतं. राणी विहिरीत दोराला लोंबकळतेय आणि वर एक हात सुरीनं तो दोर कापतोय. खिडकीच्या गजांतून तेवढं एक पान दिसायचं. आत्या रोज संध्याकाळी तिथं जाऊन उभी राही, तेच पान पुन्हा वाची आणि घरी येई. खुरपताना बायका विचारायच्या, "आक्का, राणी अजून इहिरीतच का?"

"तितंच हाय बिचारी. दोर लई चिवट दिसतोय."

एकदा तात्यांनीच सांगितलं, सगळी कॉमिक्स बाहेर काढून मारुतीच्या देवळात ठेवतो, तिथं वाचा. आत्या नाही म्हणाली. "दारातनं टाकल्यालं मला नको. मी आत बसून वाचणार. त्या भुईखाली माझ्या पाट्या हायत."

मी पत्रक काढलं. मथळा : 'कुलूप कुणासाठी?' खाली लिहिलं, 'काही मंडळींना गावानं वाचावं असं वाटत नाही. देणगी माणसांना बाहेर काढत असेल तर ती देणगी परत करा.' दुसऱ्या दिवशी तात्या आमच्या दारात. हातात पत्रक.

"काही मंडळी? आगं मी येकटाच हाय. नाव घालायचं व्हतं की सरळ!"

"पुढच्या पत्रकात घालते."

"लई शाणी हायस. धुळीनं बिघडलं तर पुतण्याला काय तोंड दाखवू?"

"तात्या, मी रोज बसते कॉम्प्युटरवर. चला माझ्याबरोबर. धूळ दाखवते."

ते आले. रागातच आले, पण धुतलेला सदरा घालून आले. एसटीत माझ्यापासून चार बाकं पुढं जाऊन बसले. छापखान्याच्या दारात त्यांनी चपला काढल्या, तेव्हा मालक हसला. "अहो, घाला घाला, खाली खिळे असतात." आत शाईचा वास, कागदाचा भुसा. कॉम्प्युटरच्या डोक्यावर मालकाचा चहाचा कप, कपाखाली जुन्या चहांची वर्तुळं. मी फुंकर मारून कळफलकावरची धूळ उडवली, बसले आणि एक लग्नपत्रिका जुळवायला घेतली. तात्या मागं उभे. पडद्यावर गणपती आला, त्याखाली नवरीचं नाव आलं.

ते काचेजवळ वाकले आणि हळूच म्हणाले, "पोरी, अक्षरं ह्या काचंवरच उमटत्यात?"

"मग कुठं उमटणार?"

"पंख्याचा पेंटर बोलावला व्हता मी. कुलूप लावायच्या आदी." त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "काचंवर नाव घातलंय. पुतण्याचं, त्याच्या बापाचं, आन खाली सप्रेम भेट. आख्खी काच भरून. घड्याळावर घालतो तसं."

मी हसले नसते, पण मालक हसला आणि मग मलाही आवरेना. शेवटी तात्याही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग त्यांनी बाजारातून टर्पेंटाइनची बाटली घेतली. गोष्ट गावात कुणाला सांगू नकोस म्हणाले. मी सांगितली नाही. त्यांनीच चार ठिकाणी सांगितली.

संध्याकाळी कुलूप निघालं. तात्या ब्लेड घेऊन काच खरडत बसले. टर्पेंटाइनचा वास इतका भरला की त्यांनीच खेकसून सांगितलं, "पंखा लाव गं!" पात्यांवरचं नाव फिरून दिसेनासं झालं, त्यांनी वरही पाहिलं नाही.

आत्या आली, मागून बायका. आपल्या जागेवर बसली. कॉमिकवरची धूळ पदरानं पुसली आणि पहिल्या पानापासून वाचायला लागली. बायकांत नव्या दोघी होत्या, त्यांना आधीचं माहीत नव्हतं. राजा आला, दरबार भरला, राजा सरपंचाच्या आवाजात खाकरला. तात्यांचं ब्लेड थांबलं.

"आक्का, आदी इहिरीतलं वाच की," ते म्हणाले. "मी बी रोज खिडकीतनं बघत व्हतो."

आत्यानं बोट ओळीवरून हलवलं नाही. "गप खरडा तात्या. राणी एवढे दिस लोंबकळलीय, तुमी बी जरा थांबा."