तेल पिणारा घोडा

आजवर बायकोलाही सांगितलं नाही ते लिहितो. एका खऱ्या तक्रारीवर मी 'खोटी' असा शेरा मारला होता. त्या घटनेची आठवण झाली नाही असा आठवडा जात नाही.

पनवेलजवळ एका जुन्या संस्थानिकांचा सागवानी राजवाडा आहे. आता तिथे संग्रहालय आहे. दिवाणखान्याच्या खांबांवर घोड्यांची मुखं कोरलेली आहेत. दर उन्हाळ्यात त्या लाकडाला जवसाचं तेल लावतात. ते काम तिथल्या पहारेकऱ्याचं, एका आगरी काकांचं. एकदा ते तेलाचा बोळा हातात घेऊनच आमच्या पोलीस ठाण्यात आले.

"सायेब, दाराजवलचा घोरा कुनीतरी बदललाय. जुना साग तेल पीत नाय. यो घटाघट पितो."

"मग पाणीपण पाजा त्याला, काका," हवालदार म्हणाला. आम्ही सगळे हसलो.

आमच्या खात्याची एक खोड आहे. जो खबर घेऊन येतो, तोच पहिला संशयित. काकांना मी दिवसभर बाकावर बसवून ठेवलं, दरडावलं, तुम्हीच विकलात म्हणालो. त्यांचं एकच: "मी चोर असतो तं तुमच्याकडं कशाला आलो असतो?" त्यावर मी आवाज चढवला.

तिसऱ्या दिवशी तळोज्याचा एक सुतार सापडला. "नक्कल मीच केली, साहेब. संग्रहालयाच्या विश्वस्तांनीच फोटो दिला होता."

विश्वस्तांच्या खारघरच्या फ्लॅटवर गेलो. अस्सल घोडा हॉलच्या भिंतीवर, राजरोस! त्याच्याखाली बसून मी चहा प्यालो. "दुरुस्तीला काढलाय हो," ते हसत म्हणाले. कप खाली ठेवायच्या आत वरिष्ठांचा फोन आला: प्रकरण इथेच मिटवा.

सुताराचा जबाब मी कागदावर घेतलाच नाही. कोर्टात 'ब' समरी पाठवली, म्हणजे तक्रार जाणूनबुजून खोटी. काकांची नोकरी गेली. गावात ते खोटारडे ठरले.

मागच्या महिन्यात तिकीट काढून संग्रहालयात गेलो. गाईड पाहुण्यांना दाराजवळचा तोच नकली घोडा दाखवत होती, "हे मूळ कोरीव काम." डोकं फिरलं. विश्वस्तांचा राग आला, त्या फोनचा आला, पण समरीखालची सही माझी होती. ज्याचा हात वर्षानुवर्षं वस्तूवरून फिरतो त्याचं आधी ऐकावं, एवढी साधी गोष्ट मला वर्दी उतरल्यावर कळली.

काका अजून गावातच राहतात. त्यांच्या दारात जाऊन मागायची माफी आणि कोर्टात माझ्या सहीचा खरा जबाब, हे मी त्यांचं देणं लागतो. दोन्ही अजून दिलेलं नाही.